पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचे डबे

मराठी घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड जेमतेम एक दिवस टिकतं. मग त्यात सुया, कढीपत्ता, जुन्या किल्ल्या असं काय वाटेल ते नांदतं. श्रुतिकाच्या घरी अशाच एका डब्यात तेजलचं कानाचं मशीन असायचं. दोन वर्षांची तेजल झोपली की मशीन काढायचं, सेलचं झाकण उघडून मशीन बंद करायचं आणि डबा फ्रिजवर ठेवायचा, हे श्रुतिका झोपेतही बडबडली असती. आठ महिने वाट पाहून मिळालेलं मशीन. ते आल्यापासून पोर कुकरच्या शिट्टीला मान वळवायला लागली होती.

आणि पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी चैतन्यने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन सुका कचरा बाहेर दिला. बायको वर्षभर ओला-सुका करून डोकं खाते, म्हणून फ्रिजवरचा 'रिकामा' डबासुद्धा आठवणीने त्यात घातला. चहा पिताना हे त्याने वर अभिमानाने सांगितलं. श्रुतिकाने कप तसाच खाली ठेवला.

कचरा न्यायच्या मालनताई. फोन लावला तर त्या खैरानी रोडच्या भंगार गोदामात पोचलेल्या. श्रुतिकाने गाऊनवर ओढणी टाकली, तेजलला कडेवर घेतलं आणि रिक्षा धरली. शेजारी चैतन्य, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात तिची.

गोदामात पाहतात तर पांढऱ्या डब्यांचा डोंगर. अख्ख्या घाटकोपरने काल श्रीखंड हाणलं होतं. चैतन्य एकेक झाकण उघडत सुटला.

"साहेब, असं बसलात तर पुढचा पाडवा उजाडेल," मालनताई म्हणाल्या.

त्यांचे हात तेवढ्यातही थांबले नव्हते. समोरचं प्लास्टिक त्या बघतही नव्हत्या. टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि भिरकावायचं. खणखणीत वाजलं तर कडकच्या ढिगात, फुसकं वाजलं तर नरमच्या. वीस वर्षांत हा कान तयार झाला होता. त्यांनी विचारलं, मशीनला आवाज असतो का?

"बंद असलं की नाही. मी नेहमी झाकण उघडून..." श्रुतिका बोलता बोलता थांबली. काल पाहुणे गेल्यावर तेजल मांडीवरच झोपली. मशीन तिने पेंगतच काढलं होतं. "ताई, काल मी ते बंदच केलं नाही. चालू मशीन कोंडलं की शिट्टी वाजवतं. अगदी बारीक."

मग काय. मालनताई पोत्यांच्या थप्पीवर चढल्या आणि सगळ्यांना चूप केलं. गोदामाचे मालक भाऊराव यांनी प्लास्टिक दळायचं यंत्र थांबवलं. रिक्षावाल्यानेही इंजिन बंद केलं आणि बघायला आत आला. निवडणाऱ्या आठ बाया, भाऊराव, रिक्षावाला, चैतन्य, जो तो श्रीखंडाचा डबा कानाला लावून उभा. त्या बायांतल्या चंपाने डबा या कानावरून त्या कानावर घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय?"

श्रुतिकाला हसू फुटलं. काळजाचं पाणी झालेलं असताना हसू येतंय, याची तिला लाज वाटली आणि त्यामुळे ते आणखीच आवरेना. हसून हसून चैतन्यच्या हातातला डबा पडला. रिक्षावाला तर खालीच बसला.

"गप बसा रे मेल्यांनो, गातंय कुणीतरी," मालनताई म्हणाल्या.

डोळे मिटून त्या ढिगात गुडघाभर शिरल्या, चार डबे बाजूला सारले आणि पाचवा दोन्ही हातांनी वर काढला. झाकण उघडलं. आत मशीन, अगदी धडधाकट.

मशीन तेजलच्या कानात बसवायला श्रुतिकाला तीनदा प्रयत्न करावा लागला. पोर शांतच होती. मशीन चालतंय की बिघडलंय, काही कळेना. कुणाला हाक मारायचंही सुचेना. तेवढ्यात पलीकडे भाऊरावांनी, काम पडलंय म्हणत, यंत्राचं बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि तेजलने दचकून असं भोकाड पसरलं की यंत्राचा आवाज मागे पडला.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तेजल आणखी जोरात रडली. श्रुतिका तिला थोपटत राहिली, पण गप्प हो म्हणायला काही तिचं मन होईना.