डाव्या पायाचं माप

स्कॉटलंडच्या डोंगरातल्या किनलोखन गावच्या पुरुषांना खोटं बोलायला तीन विषय पुरतात, असं एफी आत्याचं म्हणणं होतं: पकडलेला मासा, प्यायलेली व्हिस्की आणि स्वतःची पोटरी. पहिल्या दोहोंशी तिला कर्तव्य नव्हतं. पण चाळीस वर्षं ती आसपासच्या खोऱ्यांतल्या पुरुषांसाठी किल्टखाली, म्हणजे त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या चौकटीदार घागऱ्याखाली, घालायचे मोजे विणत आली होती, त्यामुळे तिसऱ्याशी रोजची गाठ. फोनवर कुणी "पोटरी सोळा इंच" म्हणाला की ती वहीत निमूटपणे पंधरा लिहायची.

"एक इंच गर्वाचा असतो," ती म्हणायची. "तो लोकरीत कशाला विणायचा?"

तिची भाची मार्सली हिला हे पटत नसे. आत्याची बोटं संधिवातानं आखडली, तशा सुया मार्सलीच्या हाती आल्या. तिची पहिली स्वतंत्र जोडी होती टॉर्मड मॅक्रेसाठी. हा गावाच्या बॅगपाइप पथकाचा प्रमुख, वय त्रेसष्ट. त्यानं सोळा इंच सांगितलं, तिनं सोळा लिहिलं. अंदाजानंच इंच कापायचा तर टेप कशाला हवा?

मोजे देखणे झाले होते. शेवाळी हिरवा रंग, उभ्या पट्ट्यांची वीण आणि वर दुमडून खाली येणारी शंकरपाळ्यांच्या नक्षीची कड. ही कड उलटी विणावी लागते, कारण दुमडली की आतली बाजू बाहेर येते. त्यात मार्सलीचा एकही टाका चुकला नव्हता.

गावच्या वार्षिक खेळांचा दिवस शनिवार. मंगळवारी संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर पथकाचा सराव झाला आणि टॉर्मडनं नवे मोजे घालून पथक पुढे नेलं. मार्सली कुंपणाला टेकून बघत होती. मोज्याची कड गुडघ्याच्या वाटीखाली बरोबर तीन बोटं हवी, आणि ती तिथंच होती. पथकानं अर्धं मैदान पार केलं, तेव्हा डावीकडे ती पाच बोटं खाली होती. वळणावर नडगीच्या मध्यावर आली. सूर संपला तेव्हा डावा मोजा घोट्याभोवती वेटोळं करून बसला होता.

"टॉर्मडकाका, डावा मोजा घरी निघाला की काय?" मागून तरण्या रूअरीनं विचारलं. पथकातला हा सगळ्यात चांगला पाइपवाला, आणि तोंडही तितकंच चांगलं वाजायचं.

"तुझ्या वाजवण्याला कंटाळला असेल," टॉर्मड म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. पण मोजा वर ओढताना त्याचे कान लाल झाले होते.

घरी आत्या वाटच बघत होती. बातमी मार्सलीच्या आधीच घरी पोचली होती.

"सांगितलं नव्हतं मी? एक इंच!"

सूप गार होईपर्यंत मार्सली त्यात चमचा फिरवत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "आत्या, पण उजवा मोजा जागचा हलला नाही."

"मग?"

"काकांनी माप फुगवून सांगितलं असतं तर दोन्ही मोजे घसरले असते ना? दोन्हींचे टाके सारखेच आहेत. मी मोजलेत."

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "दोन पायांची मापं घेतात होय कुणी? आजवर नाही घेतली."

बुधवारी सकाळी मार्सली टेप खिशात घालून टॉर्मडच्या घरी गेली. तो अंगणातच होता, मोजे चढवून.

"बघ! काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "काल मोज्याचा बंद सैल बांधला होता, एवढंच."

खरंच, डावी पोटरी छान भरदार दिसत होती. उजवीपेक्षाही भरदार.

"चालून दाखवा ना, काका."

"तू काय घोडा विकत घेतेयस?" असं म्हणत तो निघाला. मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत जाऊन आला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला तो समोरून आला तेव्हा मार्सलीनं ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू नाकातून आलंच.

"काका, तुमची पोटरी पुढं आलीय."

टॉर्मडनं खाली पाहिलं. नडगीवर हे एवढं टेंगूळ! मग तो दगडी कठड्यावर बसला आणि मोज्यातून न धुतलेल्या लोकरीचा मूठभर बोळा ओढून काढला.

"मेंढीची आहे," तो ओशाळून म्हणाला.

"वासावरून कळलं."

आता मात्र दोघंही खळखळून हसले. हसू ओसरल्यावर तो खरं काय ते बोलला. जानेवारीत बर्फावरून घसरून त्याचा डावा पाय मोडला होता, हे गावाला ठाऊकच होतं. नऊ आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं तेव्हा आत पाय होता, पोटरी नव्हती. हे मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"पाय धड नाही म्हटलं की सगळे मायेनं बोलतील," तो म्हणाला. "'काका, तुम्ही खुर्चीत बसा, रूअरीला पुढं चालू दे.' वाजवायला माझी छाती ठीक आहे, चालायला पाय ठीक आहे. पण मोजा घसरला की सगळ्यांच्या नजरा तिथंच. बंद करकचून बांधला तर बोटं निळी पडतात. त्यापेक्षा शनिवारी सर्दी झाली म्हणून सांगतो. रूअरी नेईल पथक."

"पाय पुढं करा," मार्सली म्हणाली.

उजवी पोटरी बरोबर सोळा इंच भरली. डावी साडेचौदा.

"म्हणजे तुम्ही खरंच सांगितलं होतंत."

"तू पोटरी विचारलीस. कुठली, ते विचारलं नाहीस!"

मार्सली डावा मोजा घेऊन घरी आली आणि पायाच्या बोटांपासून थेट कडेपर्यंत उसवला. हिरव्या लोकरीचा ढीग मांडीवर पडला. नक्षीची कड तेवढी तशीच ठेवली. कडेखाली टाके कमी केले, की मोजा पायाला बसणार. हिशेब सोपा होता. न सुटणारी गोष्ट दुसरीच होती. बसेल तो, पण एक पाय बारीक आणि एक जाड दिसेल आणि टॉर्मडची सर्दी काही टळणार नाही.

आत्या खुर्चीतून बराच वेळ बघत होती.

"टाके मागून कमी कर. पुढच्या पट्ट्यांना हात लावू नकोस, म्हणजे समोरून दोन्ही पाय सारखे दिसतील. आणि मागं, पोटरीच्या उंचवट्यावर, लोकर दुहेरी घे. जाड वीण होईल. विणलेलंच असतं, त्यामुळे फिरून पुढं येत नाही."

मार्सलीच्या सुया थांबल्या. "हे तुला कसं माहीत?"

"जुन्या पाद्रीबाबांचे दोन्ही पाय काटकुळे, त्यांना अकरा वर्षं तसेच विणून दिले. मेले तोवर कुणाला कळलं नाही."

"आणि मला सांगायचीस, गर्व लोकरीत विणू नये म्हणून!"

"हा गर्व नव्हे गं. ही लाज. लाजेला लोकर घालावी," आत्या म्हणाली. "विण आता. बडबडीनं टाच होत नाही."

टाच गुरुवारी झाली, पाऊल शुक्रवारी. शनिवारी सकाळी टॉर्मडनं मोजा चढवला, अंगणात बारा फेऱ्या मारल्या आणि पाइप काखेत घेतला.

मैदानावर तंबू लागले होते, ओंडके फेकणारे धिप्पाड गडी हाताला माती चोळत होते. पथक उभं राहिलं. पथक नेहमी डाव्या पायानंच निघतं; टॉर्मडनं डावा पाय उचलला आणि मार्सलीनं नजर मोज्याच्या कडेवर खिळवली. पहिली फेरी. कड वाटीखाली तीन बोटं. चढावर तीन बोटं. वळणावर टॉर्मडनं मुद्दाम पाय जोरात आपटला. तरी तीनच. रूअरी त्याच्या मागं पावलात पाऊल टाकत होता, आणि वाजवण्यातून काही बोलायला त्याला दमच उरत नव्हता.

"कसं वाजवताहेत गं?" शेजारी बसलेल्या आत्यानं विचारलं. तिला आताशा कमी ऐकू यायचं.

मार्सलीनं पायांवरची नजर उचलली. आतापर्यंत तिनं एक सूरही ऐकला नव्हता. ती ऐकू लागली.

"ढोल जरा मागं पडतोय," ती म्हणाली, "पण काका मस्त वाजवताहेत."