दहा मिलिसेकंदांचा इलाज

ताईचा नवरा आमच्याच ऑफिसात माझा वरिष्ठ आहे. घरी भाऊजी, ऑफिसात सर. अक्कल दोन्हीकडे सारखीच.

आमची टीम ऑपरेटिंग सिस्टीमचा ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज चालवणारा भाग, सांभाळते. बाहेरच्या एका संशोधक बाईंनी त्यातली एक चूक कळवली. गाणं चालू असताना नेमक्या क्षणी हेडफोन काढला, की एक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांतला एक धागा, मेमरी मोकळी करून टाकायचा आणि दुसरा तिच्यातच आवाज लिहीत बसायचा. त्या फटीतून कुणीही आख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकत होतं.

"लाखात एकदा होणारी गोष्ट," भाऊजी म्हणाले, आणि मेमरी मोकळी करण्याआधी दहा मिलिसेकंद थांबायची एक ओळ त्यांनी घातली. दाराला कडी नाही, तर पडदा लावा, त्यातला प्रकार.

आमच्याकडे वरिष्ठाचा बदलही दुसऱ्या कुणी तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. मी मंजुरी दिली नाही. दुपारी ताईचा फोन आला.

"करून टाक ना मंजूर. घरातलाच माणूस आहे."

"घरातला आहे म्हणूनच ठाऊक आहे, ताई."

मग हेडफोन सारखा काढल्या-घातल्याचं सोंग करणारा एक प्रोग्राम मी लिहिला आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याच मशीनवर चालवला. चहा निवायच्या आत मशीन बंद पडलं.

"माझं मशीन जरा जुनं आहे," भाऊजी म्हणाले. हे बोलताना माणूस चहाही पीत होता.

शेवटी दुरुस्ती मीच केली. दोन्ही थ्रेडना मिळून एकच लॉक. ज्याच्याकडे लॉक, त्यानंच मेमरीला हात लावायचा. अकरा ओळी. तोच प्रोग्राम दोन दिवस चालवला, मशीन एकदाही बंद पडलं नाही.

दुरुस्तीची नोंद लिहायची म्हणून, हे लॉक मुळात का नव्हतं ते बघायला कोडचा जुना इतिहास उघडला. कोणत्या दिवट्याचं काम, ते बघायचंच होतं मला. लॉक होतं. सहा वर्षांपूर्वी 'वेग वाढवण्यासाठी' काढलेलं. पुढे नाव माझं.

नाव पुन्हा एकदा वाचायला स्क्रीनजवळ सरकले. कुणाला कळलं नसतं. इतिहास उघडण्याचे कष्ट भाऊजी घेत नाहीत. तरी नोंदीत लिहिलं, लॉक मी काढलं होतं.

नोंद मात्र त्यांनी शब्दन् शब्द वाचली. माझ्या टेबलाशी आले. आवाज अगदी मऊ.

"अगं, चुकतो माणूस. मी घेतो सांभाळून."

इतक्या वर्षांत त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता.