तुओंगच्या पुढ्यातला चहा

तसबिरीपुढच्या चहावर पातळ तवंग धरला होता आणि उदबत्तीची राख त्यावर एका कडेला गोळा झाली होती. बाबांच्या आणि आजोबांच्या तसबिरींपुढे तांदळाची दारू होती. थोरल्या तुओंगच्या पुढ्यात मात्र त्याच्या दरवर्षीच्या श्राद्धाला आई चहाच ठेवायची. दारूनेच गेला पोरगा, निदान तिकडे तरी सुटू दे, म्हणायची.

तुओंग लग्नकार्यात एखादी बिअर घ्यायचा, एवढंच. तो गेला यकृताच्या कॅन्सरने, आणि कॅन्सर झाला होता हिपॅटायटिस बीच्या लागणीमुळे. ती लागण त्याला जन्मतानाच आईकडून झाली होती. प्रागच्या हॉस्पिटलात डॉक्टरांचं चेक बोलणं त्याच्या बहिणीने, न्याननेच, त्याला व्हिएतनामीत समजावून सांगितलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच मागणं मागितलं. "आईला दारू सांग. खरं कळलं तर ती अन्न सोडेल."

तेव्हापासून न्यान दर रविवारी व्हिएतनामी बाजारात टेबल मांडून बसायची आणि आपल्या माणसांना रक्त तपासून घ्या म्हणून विनवायची. परकी माणसं यायची. धाकटा भाऊ ख्वात यायचा नाही.

"आजही वाट बघायला लावलीस," ती जेवताना त्याला म्हणाली. "दुकान दोन पावलांवर, तरी येववत नाही तुला?"

"आणि अख्ख्या बाजाराला बघू देऊ? उद्या माझ्या हातचं सूप कोण पिईल?"

"खाण्यापिण्यातून पसरत नाही ते. कितीदा सांगू?"

"मला पटलं गं. गिऱ्हाइकाला कोण पटवणार?" तो हसला. "ताई, तू डासच झालीयेस बघ. बाजाराचं रक्त प्यायलीस, आता घरच्यांना तरी सोड. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही. लिव्हर सडायला मी काय दादा आहे?"

"खरंच, नको त्याला टोचू," आई म्हणाली. "ख्वात शहाणा आहे माझा." तिने कोंबडीचा चांगलासा तुकडा उचलून त्याच्या वाडग्यात टाकला.

ख्वातने वाडगा बाजूला सारला. "नको आई. हल्ली दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं."

"कधीपासून?" न्यानने विचारलं.

"झाले दोन-तीन महिने. दुकानाची दगदग, दुसरं काय!"

न्यानने त्याच्याकडे नीट पाहिलं. गालांची हाडं वर आली होती. तुओंगचंही असंच सुरू झालं होतं, तेव्हाही सगळे दगदगच म्हणाले होते. तपासणी फुकट आहे, साखरही बघतात, असं सांगून तिने ख्वातला किती वर्षं चुचकारलं होतं. दरवेळी तो दारू न पिण्याच्या आडोशाला उभा राहायचा, आणि तो आडोसा तिने तुओंगला दिलेल्या शब्दावर उभा होता.

"त्याला पुन्हा दादाचं नाव सांगून घाबरवू नकोस," आई तिच्याकडे न बघता म्हणाली.

न्यानने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"आई, दादा दारूने गेला नाही. जन्मतानाच त्याला लागण झाली होती, तुझ्या रक्तातून. त्यात तुझी चूक नाही, तुलाही बहुतेक तुझ्या आईकडूनच आली असेल. पण ख्वातलाही असणार. उद्या सकाळी मी तुम्हां दोघांना तपासायला घेऊन जाणार आहे."