खाणीत पोचलेली चव

मी बिडाचं पातेलं बोलतंय. दोन आखूड कान, जाड बूड, आणि बुडाला इतकी काजळी की बोट लावाल तर पस्तावाल.

माझा जन्म ओतशाळेतला. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात, पण कोळशानं लोखंडाला पाझर फोडलेला मी अंगानं सोसलाय. तेव्हापासून कोळशाचा मला धाक. काळा, मुका, हलका. पण पेटला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आईनं मला या घरात आणलं आणि कोळशाच्याच शेगडीवर बसवलं. तिची दोन मुलं. थोरला खाणकामगार, धाकटा सायकलींची पंक्चरं काढणारा. धाकट्याचं डोकं असं तापट, की शेगडीनं लाजावं.

कोळसा पोत्यातच जन्मतो, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. एकदा थोरला गुडघे चोळत हसत म्हणाला, "आई, आम्ही काम करतो तिथं मान वर करायची सोय नाही. देवळात बसावं तसं गुडघ्यांवर बसायचं आणि फोडायचं." तेव्हापासून खालचा निखारा फुलला की मला त्याचे गुडघे आठवायचे. एका ताटाच्या उबेसाठी माणूस एवढा खोल जातो!

त्याच्यासाठी आई रोज बटाट्याचं दाट कालवण करायची. डबा भरताना तो म्हणायचा, "अजून घाल."

"पोट आहे का विहीर?"

"खाण आहे, आई. घाल."

मग एका दुपारी खाणीचं छत बसलं. थोरला वर आला तो चौघांच्या खांद्यांवर.

आईनं भिंतीकडे तोंड केलं. नऊ दिवस पाण्याच्या घोटाखेरीज काही नाही. धाकट्यानं कोळशाचं पोतं लाथेनं रस्त्यावर उडवलं. "या काळतोंड्यानं खाल्लं माझ्या दादाला!" शेजारीण एकेक तुकडा वेचून पोत्यात भरत बसली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "आजच्या आज पोटात काही गेलं नाही, तर आईचीही आशा नाही."

धाकट्यानं जन्मात भाजी चिरली नव्हती. त्यानं मला शेगडीवर ठेवलं. पहिल्या खेपेला बटाटा कच्चा, दुसऱ्या खेपेला सगळा लगदा. आईनं वास घेतला आणि पुटपुटली, "हे ते नाही." तिसऱ्यांदा तो माझ्यासमोर बसला आणि कांदा-बटाटा पुन्हा चढवला.

तेवढ्यात थोरल्याच्या पाळीतले दोघं भेटायला आले. एक काटकुळा, एक अंगानं भरलेला. त्याला सगळे ढोल म्हणत. ढोलनं विचारलं नाही की सवरलं नाही, सरळ पळी बुडवून चाखली.

"कांदा परतायचा लवकर थांबवलास. करपायच्या बेताला आला की मग बटाटा टाकायचा. आणि शिळ्या पावाचा चुरा कुठाय?"

धाकटा उसळला. "तुम्हाला काय ठाऊक? या घरात पाऊल तरी टाकलंय का कधी?"

"घरात नाही रे. पण दहा वर्षं हेच खातोय. खाली कुणी आपला डबा एकटा खात नाही. डबे मधे, दिवे मधे, भोवती आम्ही. तुझ्या दादाचा डबा सगळ्यात आधी संपायचा."

काटकुळा हळूच म्हणाला, "याचा घास तोंडात गेला, की वर आपलं घर आहे हे पटायचं."

मी थक्क. शेगडी सोडून मी कधी कुठं गेलेलं नाही. आणि माझ्या पोटातली चव, जिथं सूर्यालाही वाट सापडली नाही, तिथं दहा वर्षं जात होती!

खाटेवर हालचाल झाली. भिंतीकडूनच आवाज आला, "आणि मीठ?"

ढोल चपापला. "बटाटा अर्धा शिजल्यावर, काकू."

"चूक. पाव कुस्करल्यावर."

भिंतीला धरून आई उठली. धाकट्याला म्हणाली, "सरक." कांदा पुन्हा चिरला गेला. मी तापलं, तिच्या हाताखाली तापायची सवय नऊ दिवसांत मोडली नव्हती. तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट मात्र घेतलं नाही.

ढोल उठला. साबणाला दाद न देणाऱ्या काळ्या बोटांत त्यानं घास घेतला. "खालचा नियम आहे, काकू. ज्याचा डबा, त्याला पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा. तुमच्या लेकाला रोज मी भरवायचो."

आईनं त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं. धाकटा दाराआड जाऊन हमसून हमसून रडला.

आता दर सुट्टीला पाळीतले सगळे येतात. धाकटा कोळशाचं पोतं आपटत नाही, झोपलेलं मूल ठेवावं तसं टेकवतो. माझ्या काठाला मात्र चीर गेली आहे. बीड एकदा चिरलं की सांधत नाही. त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे, बाळांनो: नवं पातेलं आणाल, ते माझ्याहून मोठं आणा. खालून वर येणाऱ्यांना भूक फार असते.