फितोचा डावा डोळा

सिरिलो स्प्रिंगरच्या हाताखालून असे तीन बॉक्सर गेले, ज्यांच्याबद्दल पनामातल्या कोलोनमध्ये लोक अजून "चॅम्पियन व्हायला पाहिजे होता" असं म्हणतात. पहिला लेओपोल्दो, तो दारूत गेला. दुसरा एका खेपेपुरता म्हणून केळ्यांच्या बोटीवर चढला, बाल्टिमोरला उतरला आणि तिथलाच झाला. तिसरा तेओफिलो ग्रीव्ह्ज. त्याला सगळे फितो म्हणत.

फितो चोवीस वर्षांचा होता. एकवीस लढती झाल्या होत्या आणि एकवीसही जिंकल्या होत्या. समोरच्याचा ठोसा निघायच्या आत हा तिथून हललेला असायचा, तोही घाई न करता, गर्दीत कुणाला वाट द्यावी तसा. सिरिलो तीस वर्षं बंदरावर हमाली करून मग वस्ताद झालेला माणूस. कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण फितोचा सराव चालू असला की तो स्टूल ओढून बसायचा आणि आपलं काहीच काम उरलेलं नाही, हे त्याला मनातून आवडायचं.

त्या वर्षी जानेवारीत सरावात एकाचं कोपर फितोच्या डाव्या डोळ्यावर बसलं. सूज चार दिवसांत उतरली. पण आठवड्याभराने फितो म्हणाला, "वस्ताद, डोळ्यापुढे चिलटं उडतात."

"मग हाकल की."

"हाकलतोय. जात नाहीत."

सिरिलो त्याला घेऊन पनामा सिटीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने थेंब घालून तपासलं आणि फितोला डोळे मिटून बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मग सिरिलोला म्हणाला, "आतला पडदा सुटत चाललाय. पंधरा दिवसांत ऑपरेशन करा. डोळा वाचेल. बॉक्सिंग मात्र संपलं."

"आणि नाही केलं तर?"

"तर डोळाही संपेल. तुम्ही याचे कोण?"

"घरचाच समजा," सिरिलो म्हणाला.

बाहेर फितो भिंतीला डोकं टेकून बसला होता. थेंबांचं पाणी गालावरून ओघळत होतं. "काय म्हणाला?"

"थेंब घालायचे. महिनाभर डोक्यावर मार घ्यायचा नाही."

हे वाक्य सिरिलोने आधी जुळवलेलं नव्हतं. दारातून बाकापर्यंतच्या सहा-सात पावलांत ते तयार झालं आणि तोंडातून निघूनही गेलं. फितोने मान डोलावली आणि भूक लागल्याचं सांगितलं. सिरिलोने औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे साधे थेंब घेतले आणि स्टेशनबाहेर दोघांनी तळलेला मासा आणि पाताकोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे तळलेले काप, खाल्ले.

मार्चमध्ये परवान्याची तपासणी आली, तोवर फितोला डाव्या डोळ्याने खालचं अर्धं जग दिसत नव्हतं. परवाना देणाऱ्या ऑफिसात अक्षरांचा एकच तक्ता भिंतीवर पंधरा वर्षं टांगलेला होता. दरवर्षी बॉक्सर घेऊन जाता-जाता तो सिरिलोला पाठ झाला होता. त्याने फितोला दोरीवरच्या उड्या मारताना तो म्हणायला लावला. "ए! एफे, पे! ते, ओ, सेता! एले, पे, ए, दे!" जिममधल्यांना वाटलं, दम वाढवायचा हा काहीतरी नवा व्यायाम असणार. दोघं-तिघं तर तसंच ओरडत उड्या मारायला लागले.

"वस्ताद, हे बरोबर आहे का?" फितोने एकदा विचारलं.

"थेंबांना लागू पडायला वेळ लागतो. तोवर परवाना जायला नको."

परवाना मिळाला. त्यानंतर फितो दोन लढती लढला. डावीकडून येणारा हात दिसावा म्हणून तो मान जरा डावीकडे वळवून उभा राहायचा. पेपरवाल्यांना त्यात रुबाब दिसला. एकाने तर लिहिलं, समोरच्याकडे धड बघण्याचीही तसदी न घेणारा बॉक्सर. दोन्ही लढती त्याने जिंकल्या. मे महिन्यात ओसाकाहून तार आली. फेदरवेट वजनगटाचा विश्वविजेता होरिउची त्याच्याशी खेळायला तयार होता.

फितोची बायको एलिदा शर्टांच्या कारखान्यात शिलाई करायची. तिने नवऱ्यासाठी हिरव्या सॅटिनचा झगा शिवला, पाठीवर नाव काढलं. अर्धी गल्ली त्यांना पोचवायला आली होती.

लढतीच्या चार दिवस आधी ओसाकात वैद्यकीय तपासणी झाली. खोलीत एक म्हातारा डॉक्टर, एक दुभाष्या, सिरिलो आणि फितो एवढेच होते. भिंतीवर तक्ता होता, पण त्यावर एकही अक्षर नव्हतं. नुसती वर्तुळं होती, प्रत्येकाला एका बाजूने फट. फट कुठे आहे ते सांगायचं, असं दुभाष्याने समजावलं.

उजव्या डोळ्याने फितोने तळाच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. मग उजवा डोळा झाकला. डॉक्टरने छडी पहिल्या वर्तुळावर ठेवली.

"वर," फितो म्हणाला. चूक.

"उजवीकडे." चूक. "खाली." हे बरोबर आलं.

डॉक्टरने छडी आवाज न करता सरकवली आणि तक्ता सोडून कोऱ्या भिंतीवर टेकवली.

"डावीकडे," फितो ठामपणे म्हणाला. "वर. पुन्हा वर."

दुभाष्याने भाषांतर केलं नाही. डॉक्टरने छडी खाली ठेवली, दिवा घेऊन बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"ते म्हणतात, लढता येणार नाही," दुभाष्या म्हणाला. "डोळाही आता परत येणं कठीण. चार-पाच महिन्यांपूर्वी दाखवला असता तर वाचला असता."

"पण आम्ही दाखवला होता," फितो म्हणाला. "जानेवारीतच. हो ना, वस्ताद? त्या डॉक्टरने काय सांगितलं होतं?"

तिघंही सिरिलोकडे बघत होते. खरं सांगायला एवढी सोपी जागा त्याला पुन्हा मिळणार नव्हती, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

"थेंब दिले होते," तो म्हणाला.

दुभाष्याने ते डॉक्टरला सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. असा डॉक्टर कुठल्या देशात असतो, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटला असावा. फितोच्या जागी ऐनवेळी फिलिपिन्सचा एक बॉक्सर उतरला आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला.

परतल्यावर ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. फितो दारात बसून पनामा सिटीच्या त्या डॉक्टरला शिव्या घालायचा. "एक दिवस जातो आणि त्याचेच थेंब त्याच्या घशात ओततो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सिरिलो शेजारी बसून ऐकून घ्यायचा. एकदा तर "सोडू नकोस त्याला" असंही म्हणाला.

फितो गेला नाही. एलिदा गेली. ऑगस्टमध्ये कारखान्यातून सुट्टी घेऊन ती पनामा सिटीला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जिममध्ये आली. सिरिलो एकटाच दोऱ्या गुंडाळत होता. तिने घडी केलेला कागद त्याच्यापुढे धरला.

"हे वाचा, काका."

सिरिलोने पाहिलं. तपासणीच्या नोंदीची नक्कल होती.

"मनात नाही. मोठ्याने."

"रुग्णाला पंधरा दिवसांत ऑपरेशनचा सल्ला. खेळ कायमचा बंद," सिरिलोने वाचलं. "सोबत आलेल्या घरच्या माणसाला समक्ष सांगितले."

"मी त्या माणसाला त्याच्या दवाखान्यात, सगळ्या पेशंटांसमोर नको नको ते बोलले," एलिदा म्हणाली. "त्याने ऐकून घेतलं आणि हे काढून दाखवलं. मी फितोला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. आजच."

सिरिलो गेला. फितो स्वयंपाकघरात युकाचा कंद सोलत होता. सिरिलोने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टरचे शब्द, बाकापर्यंतची पावलं, ओसाकातलं उत्तर, काही गाळलं नाही. फितोने हातातलं युका पुरतं सोललं, तुकडे करून पाण्यात टाकले.

"का?"

"लेओपोल्दो गेला, तो बोटीवाला गेला. तू तिसरा होतास."

"तुमचा तिसरा," फितो म्हणाला. "मी माझा एकटाच होतो, वस्ताद."

त्याने पातेलं चुलीवर ठेवलं.

"आता जा. जेवायची वेळ झालीय, आणि तुम्हाला बसा म्हणायची माझी इच्छा नाही."

दुसऱ्या आठवड्यात सिरिलो परवान्याच्या ऑफिसात जाऊन आपला वस्तादगिरीचा परवाना रद्द करायला सांगून आला. कारकुनाने कारण विचारलं. सिरिलो सांगायला लागला, तसा कारकून म्हणाला, "एवढी जागा नाही फॉर्मवर," आणि 'वय झाल्यामुळे' असं लिहून टाकलं. सिरिलोने सही केली. जिम दुसऱ्याकडे गेली.

फितो बाजारात मासे विकू लागला. धंदा बरा चालला. कोलोन छोटं गाव, दोघं समोरासमोर यायचे. फितो तोंड फिरवायचा नाही आणि बोलायचाही नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर ओसाकाची लढत लागली होती. सिरिलो खुर्चीत बसला होता, गालांना साबण. फितो माशांची टोपली बाहेर ठेवून आत आला आणि दाराशीच उभा राहिला. होरिउची नवव्या फेरीत मेक्सिकोच्या एका पोरसवदा बॉक्सरकडून हरला. दुकान ओरडून उठलं.

"फितो, तू असतास तर?" न्हाव्याने विचारलं.

फितोने थोडा विचार केला. "मारून झालं की उजवा हात परत आणायला होरिउचीला उशीर होतो. पण पोटात मारतो जबरदस्त. सांगता येत नाही. कदाचित मीच पडलो असतो."

सिरिलोला तसं वाटत नव्हतं. सहाव्या फेरीच्या पुढे फितोने ती लढत जाऊ दिली नसती, हे तो कुणालाही पटवून देऊ शकला असता. पण ते सांगायचा हक्क आता आपला नाही असं त्याला वाटलं.

"येतो," फितो म्हणाला आणि टोपली उचलून बाजाराकडे गेला. न्हाव्याने सिरिलोची हनुवटी वर केली आणि वस्तरा लावला.