नीट केलेलं पेडल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी एकोणतीस वर्षं अॅम्प्लिफायर नापास केले. पास करणं हे माझं काम होतं असं लोक म्हणायचे, पण ते खरं नाही. पास काय, कुणीही करील. नापास करायला अक्कल लागते. सभेत, लग्नात, जयंतीला ज्या स्पीकरमधून आवाज येतो त्याच्यामागचा डबा आमच्या कंपनीत बनायचा आणि शेवटी माझ्या टेबलावर यायचा. मी त्यात एक सूर सोडायची आणि स्कोप नावाच्या यंत्राच्या पडद्यावर त्याची लाट बघायची. लाट गोल असेल तर माल बाहेर. लाटेचं डोकं जरा जरी चपटं दिसलं तर आवाज फाटणार, मग मी लाल चिठ्ठी लावायची. सुपरवायझर हात जोडायचे, "रमाबाई, आज गाडी भरायची आहे हो." जोडा म्हटलं, हात दुखेपर्यंत जोडा.

कंपनी बंद झाली तेव्हा कुणी खुर्च्या मागितल्या, कुणी कपाटं. मी स्कोप मागितला. आता वर्तकनगरात तळमजल्याच्या खोलीत बसून लोकांचे मिक्सर, पंखे, स्पीकर दुरुस्त करते. माझ्या हातून गेलेली वस्तू कधी परत आलेली नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगते.

रचना समोरच्या इमारतीतली. एकवीस वर्षांची पोरगी, इलेक्ट्रिक गिटार वाजवते. डोंबिवलीच्या एका मंडळाची दरवर्षी कला स्पर्धा असते, तिथे गेल्या वर्षी ती उतरली होती. परीक्षकांनी तिला उत्तेजनार्थ दिलं आणि कागदावर लिहिलं, 'गोड वादन'. तो कागद तिने माझ्यासमोर टराटरा फाडला. "गोड म्हणे! मी काय जिलबी आहे?" यंदाची शेवटची संधी होती, कारण स्पर्धेला एकविसाची अट आहे. म्हणून तिने स्वतःची चाल बांधली होती आणि एक पेडल आणलं होतं. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून जाते आणि पुढे स्पीकरला लागते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती डबी घेऊन आली.

"मावशी, हे मध्येच बंद पडतंय. बघ ना जरा."

जॅकची एक तार सुटली होती. पाच मिनिटांचं काम, केलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सवयीने मी डबी स्कोपला जोडली, सूर सोडला आणि पडद्यावर बघून मला घामच फुटला. लाटेचं डोकं साफ कापलेलं! वरून पण, खालून पण. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल चिठ्ठी लावून वर दोन शब्द सुनावले असते. आत बघते तर कुणा शहाण्याने दोन डायोड उलटसुलट बसवलेले, लाट उंच गेली की तिचं डोकं उडवायला. मी ते दोन्ही काढून फेकून दिले. पुन्हा सूर सोडला. लाट गोल, गरगरीत. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी चहा टाकला.

रचनाचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यामुळे तिला घरी मोठ्याने वाजवता येत नाही. मावशीने केलंय म्हणजे झालं, असं म्हणून तिने डबी पिशवीत टाकली. माझ्यावरचा हा भरवसा मला फार महागात पडला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता फोन आला. मागून हॉलमधल्या तालमीचा आवाज येत होता आणि रचना रडत होती.

"मावशी, तू काय केलंस? आवाज साफ येतोय!"

"मग? साफच यायला पाहिजे."

"अगं, ते डिस्टॉर्शन पेडल आहे! आवाज फाडायलाच असतं ते! चार वाजता माझा नंबर आहे, इथे कुणाकडे दुसरं नाही. वाट लागली माझी."

आवाज फाडायला कुणी मुद्दाम यंत्र बनवतं, हे मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि पोरीची शेवटची संधी जाणार होती, माझ्या शहाणपणापायी. मी सोल्डरिंगची पिशवी उचलली, खोलीला कुलूप लावलं आणि निघाले.

लोकलचा मेगाब्लॉक होता, डोंबिवलीला पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. हॉलच्या मागच्या खोलीत मी डबी उघडली आणि कपाळावर हात मारला. डायोड आणायचेच विसरले होते. रविवार, दुकानं बंद. रचनाच्या साथीला ड्रमवर बसणारा सलिल म्हणाला, "मावशी, कुठला पण डायोड चालेल का?" त्याच्याकडे बघता बघता माझं लक्ष दारावरच्या तोरणाकडे गेलं. बारक्या लाल एलईडी दिव्यांची माळ होती ती. तो बारका दिवा म्हणजे सुद्धा डायोडच. मी मंडळाला न विचारता दोन दिवे तोडले.

ते उलटसुलट बसवले. स्कोप ठाण्यात राहिला होता, बघायला पडदा नव्हता.

"वाजव," मी म्हटलं.

तिने वाजवलं. डबी गुरगुरली. माझ्या अंगावर काटा आला, नापास मालाचा आवाज तो.

"झालं?"

"नाही मावशी, अजून. अजून फाड."

मी एक रेझिस्टर बदलला. "आता?"

"अजून."

"अगं, किती?"

रचनाने गिटार मांडीवर ठेवली. "हे बघ, ही चाल मी बाबांवर केलीय. रात्रभर मशीनवर उभे असतात, घरी येऊन एक शब्द बोलत नाहीत. ते बोलले असते तर गोड बोलले असते का?"

मी तिसऱ्यांदा सोल्डरिंगची काडी तापवली, डोळे मिटून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या कानाने काम केलं. तिने तार छेडली तेव्हा खिडकीची काच थरथरली. पोरगी हसली. मग मी थांबले.

तिच्या आधी एका मुलाने भावगीत म्हटलं, दोघी बहिणींनी कथ्थक केलं. मग रचनाचं नाव पुकारलं. मी हॉलच्या मागे, साउंडवाल्याच्या टेबलाशी उभी होते. महिपत त्याचं नाव, मंडळाचा जुना माणूस, माझ्याच वयाचा. टेबलाखाली ठेवलेला अॅम्प्लिफायर आमच्या कंपनीचा होता, मी लांबूनच ओळखला.

रचनाने डबीवर पाय दिला.

पहिलाच सूर असा आला की पुढच्या रांगेतले परीक्षक खुर्चीत मागे सरकले. कुणीतरी ओरडलं, "स्पीकर गेला!" महिपत चपळाईने पुढे वाकला आणि त्याचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. एकोणतीस वर्षं तेच तर केलं होतं.

मी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"ओ बाई, आवाज फाटतोय! ऐकू येत नाय का?"

"येतोय ऐकू. मी फाडलाय."

त्याने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मी हात सोडला नाही. पुढे रचना वाजवत होती, सलिल ड्रम फोडत होता, आणि त्या गुरगुरीतून हळूहळू चाल वर आली. थकलेली, चिडलेली, आणि तरी ताठ. मग मागून एका पोराने शिट्टी मारली, आणि मग सगळेच उठले. महिपतने माझ्या हातातून मनगट अलगद सोडवून घेतलं आणि आवाज वाढवला.

तिला पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी कागदावर काय लिहिलं ते तिने वाचलंच नाही. धावत येऊन तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. मंडळाच्या माणसाने माइकवर विचारलं की गिटारला हा आवाज कुणी दिला. रचनाने मला ओढत स्टेजवर नेलं.

चांगला अॅम्प्लिफायर असला की तो आहे हेच लोकांना कळत नाही. मी पास केलेल्या हजारो डब्यांसाठी कधी कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही असं मी समजत होते. त्या दिवशी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला रडू आलं, हसूही आलं. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "पोरी, अजून एकदा वाजव. आणि महिपतराव, तुम्ही आवाज कमी करायचा नाही."