आईच्या नावाची बाटली

धाकटीला किळस म्हणून कशाची येत नसे. वीस वर्षं ती प्रयोगशाळेत माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते तपासत होती. सकाळी आठला हातमोजे चढवायचे, बाटल्या ओळीने लावायच्या, आणि अकरा वाजता हात धुऊन निवांत बिस्किट खायचं. नव्याने लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायच्या. ती म्हणायची, "अगं, बाटलीतलं घाण नसतं. बाटली आणणारा खोटं बोलला तरच ते घाण." ती हे आपलं गमतीने म्हणायची. तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने ते खरं करून दाखवलं.

या भावाला, म्हणजे दादाला, पाठीमागे सगळे टाइमटेबल म्हणायचे. ऑक्टोबरातल्या सहलीची पहिली बैठक त्याने फेब्रुवारीत बोलावली होती. युरोपातली पानगळ, अकरा दिवस, चौघं जण. तो, वहिनी, आई आणि धाकटी. दोन खोल्या घेतल्या होत्या, म्हणून माणसं चारच पाहिजेत, तीन झाली की सगळी मांडणी ढासळते, हे त्याने बोटांवर मोजून समजावलं होतं. फाइल केली होती. कोणत्या दिवशी कोणी कोणता स्वेटर घालायचा हेसुद्धा त्यात होतं. बदल करायला सोपं जावं म्हणून तो सगळं पेन्सिलीने लिहायचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच प्रकार. पण बोलायची सोय नव्हती, कारण सहल आईसाठी होती. हे तो दर रविवारी निदान दोनदा ऐकवायचा.

आईला मात्र खरंच जायचं होतं. तिने तीस वर्षं रोपवाटिकेत काम केलं होतं. एक पान पिवळं पडलं की गिऱ्हाईक कुंडी उचलून परत आणायचं आणि तिच्या नाकासमोर नाचवायचं. "तिकडे म्हणे लोक गाडी करून पिवळी पानं बघायला जातात," ती म्हणायची. "पानं राहू देत, मला ती माणसं बघायचीत." चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने जाड तळव्याचे बूट घेतले आणि ते चावू नयेत म्हणून रोज तासभर घरातच घालून फिरायला लागली. सुनेने तोंड वाकडं केलं, तरी ती फिरतच राहिली.

घोडं अडलं ते एका कागदावर. सत्तरीच्या पुढच्या माणसाची जागा पक्की करायची तर प्रवास कंपनीला आत्ता लघवीचा रिपोर्ट हवा होता. त्यात साखर किंवा प्रथिनं दिसली तर जागा नाही. आणि आईची साखर दोन वर्षांपूर्वी काठावर येऊन गेली होती.

दादाचा फोन आला. "तपासायचं कशाला? सरळ नॉर्मल लिहून टाक की. घरचंच तर आहे."

"तू नमुना आण. असेल ते लिहीन."

"मोठी हरिश्चंद्राची नात लागून गेलीस!"

सोमवारी कचेरीला जाता जाता तो प्रयोगशाळेत आला. आई त्याच्याकडेच राहायची, त्यामुळे आणणार तोच. पिशवीत पिशवी, तिच्यात तिसरी पिशवी, आणि आत बाटली. मेलेला उंदीर उचलावा तशी त्याने ती दोन बोटांत धरली होती. चिठ्ठीवर त्याच्याच टपोऱ्या अक्षरात आईचं नाव. बाटली टेबलावर ठेवून तो उगाच रेंगाळला, धाकटीच्या पोटाकडे बघून म्हणाला, "चालत जा जरा. माझ्याकडे बघ, रोज सहा किलोमीटर." स्वतः चहात तीन चमचे साखर घालणारा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी तिने बाटलीत तपासणीची पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन बघता बघता सगळ्यात वरच्या पायरीइतका काळपट झाला. चार प्लस. प्रथिनंही होती. तिला आईचे बूट आठवले.

तरी हाताला वळण होतं. तिने थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग डोळा काढला, काच पुसली, दुसरा थेंब घेतला, पुन्हा डोळा लावला. बारीक डोकं, लांब शेपटी. एक नाही, दोन नाही, चांगले डझनभर पडले होते. पुरुषाच्या लघवीत हे शेपटीवाले शुक्रजंतू कधीमधी सापडतात, त्याचं कुणी नवल करत नाही. इथे बाटलीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचं नाव होतं.

आधी ती एकटीच खो खो हसली. हसता हसता तिला सगळं दिसलं. दादाने आईची बाटली नाक दाबून न्हाणीघरात नेली असणार, ओतून दिली असणार, आणि आपण कसे ठणठणीत या घमेंडीत ती स्वतः भरली असणार. हात दाखवून अवलक्षण ते हेच. हसू जिथल्या तिथे विरलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या बाटलीवर दुसरी रिकामी बाटली पालथी घातली, आणि हात तीनदा धुतले.

पण आजार आजार असतो, तो सांगायलाच हवा. तिने ठरवलं, रविवारी बैठकीत रिपोर्ट आईचा म्हणूनच वाचायचा. दादाला आपलं दुखणं कळेल, तो तोंड उघडेल, चूक झाली म्हणेल. एवढी लाज तर त्याच्यात असेलच, असं तिला वाटलं.

रविवारी दादा फाइल उघडून बसला होता. वहिनीने चहा आणला. आई खुर्चीत बसली होती, पायात बूट.

"आईचा रिपोर्ट आलाय," धाकटी म्हणाली. "साखर चार प्लस. प्रथिनंही आहेत. चांगलं लक्षण नाही. ताबडतोब औषध सुरू करावं लागेल."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. कप अर्ध्यात थांबला. कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली, बोल, आता तरी बोल. मग दादाने चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि घसा साफ केला.

"मग आईचं रद्दच करावं लागेल," तो म्हणाला. "वय झालं शेवटी. आपणच तिला जास्त आशा लावली."

"माझ्या बहिणीला विचारू?" वहिनी म्हणाली. "तिच्याकडे जाड कोट पण आहे."

दादाने खोडरबर घेतलं. आईचं नाव चार ठिकाणी होतं, चारही ठिकाणी त्याने ते नीट खोडलं आणि रबराचा चुरा फुंकून टाकला. आईने सगळं ऐकलं. खाली वाकून ती बुटाची नाडी सोडायला लागली. तिची बोटं गाठीत अडकली.

"आई, बूट काढू नकोस," धाकटी म्हणाली. "ती बाटली तुझी नव्हती."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे आईच्या लघवीत शेपटीवाले सापडले, वहिनी. ते पुरुषाचे असतात. आणि या घरात पुरुष एकच आहे."

वहिनीने तोंडावर हात धरला. दादा उठला, पुन्हा बसला. "हळू बोल ना! मी आपल्या सगळ्यांसाठीच केलं. चार माणसं हवी होती. माझं स्वच्छ निघेल याची खात्री होती मला."

"बाटली बदललीस, ते मी गिळलं असतं. हसून सोडून दिलं असतं. पण आत्ता, या खुर्चीत बसून, दुखणं तुझं आहे हे तुला कळलं होतं. तरी तू तिचं नाव खोडलंस. मी रोज काय काय हाताळते ते तुला माहीत आहे. मला कशाची कधी किळस आली नाही, दादा. तुझी येते."

"बाहेर कुठे बोलू नकोस," दादा एवढंच म्हणाला. चोर तो चोर, वर त्याला अब्रूची काळजी.

आई अजून वाकलेलीच होती. तिने सोडलेली नाडी पुन्हा बांधली, दोनदा गाठ मारली आणि सरळ झाली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाटली घेताना याने नाक दाबलं, आणि लगेच न्हाणीघरात पाणी सोडल्याचा आवाज आला. म्हटलं, गेली माझी बाटली. बघू तरी कुठवर जातोय." ती लेकाकडे वळली. "हा चड्डीत करायचा तेव्हा मी कधी नाक दाबलं नव्हतं."

आईने त्याच्यासमोरचा कप उचलला आणि दूर सरकवला.

"किती निघाली म्हणालीस गं?"

"चार प्लस."

"उद्या उपाशीपोटी हिच्याकडे जायचं," तिने दादाला सांगितलं. "रक्त द्यायचं. स्वतःचं."

मग तिने धाकटीपुढे हात केला. धाकटीच्या पर्समध्ये रिकामी बाटली आणि पट्ट्या होत्याच, ती तयारीनेच आली होती. आई बूट वाजवत आत गेली आणि आली ती भरलेली बाटली घेऊन. ती तिने दादाच्या फाइलवर ठेवली, ऑक्टोबरच्या पानावर, अगदी मधोमध. दादाने खुर्ची मागे घेतली. धाकटीने सगळ्यांसमोर पट्टी बुडवली. सगळे वाकून बघत राहिले, अगदी वहिनीसुद्धा. पट्टीचा रंग तसूभरही बदलला नाही.

"माझं नाव लिही आता," आई म्हणाली. "पेनाने."

दादाच्या फाइलच्या कप्प्यात सात रंगांच्या पेन्सिली होत्या, पेन एकही नव्हतं. धाकटीने आपलं काढून दिलं. बाटल्यांवर नावं लिहायचं, पाण्याने न पुसणारं.